मागच्या वेळी उत्तर मी दिलं होतं : जनगणनेच्या प्रगणकांना खुलं पत्र

प्रति,
फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेसाठी आमच्या गावात आणि मराठवाड्यातल्या गावोगावी दारात उभे राहणारे सर्व गुरुजी, बाई आणि ताई.

विषय : बाईच्या नावापुढचा 'काम' हा रकाना.

सप्रेम नमस्कार.

'वरील विषयास अनुसरून' असं लिहायला हात शिवशिवतोय. दिवसाला तीस-चाळीस अर्ज भरणाऱ्या माणसाला तशी खोडच लागते. अंबाजोगाई तालुक्यात, लातूरच्या हद्दीजवळ, गावाच्या फाट्यावर माझं ई-सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, रेशनकार्डातली नावं, निराधारचे अर्ज हा माझा धंदा. लोक समोर बसतात, मी विचारतो, ते सांगतात, मी टाइप करतो. तुम्ही जे काही दिवस करणार, ते मी बारा महिने करतो. तेव्हा शहाणपण शिकवायला हे पत्र लिहिलेलं नाही. एक चूक माझ्या तोंडून झाली आहे आणि ती सरकारदरबारी कायमची बसली आहे. ती तुमच्या मोबाइलात पुन्हा उतरू नये, एवढ्यासाठी लिहितो.

गोष्ट २०११ ची. फेब्रुवारी महिना, ज्वारी काढणीला आलेली. मी लातूरला बी.एस्सी.ला होतो, रविवार म्हणून गावी आलो होतो. दुपारी दारात गुरुजी आले. मला चौथीत पाढे शिकवलेले गुरुजी. हातात मोठाले छापील कागद, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यावर जपून धरलेले. लिंबाखाली बाज टाकली. माय चहा घेऊन बाहेर आली, पदर सावरत "बसा गुरुजी" म्हणाली आणि लगेच आत गेली, कारण दादांची कूस बदलायची वेळ झाली होती. २००८ च्या दिवाळीनंतर दादांच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दादा म्हणजे माझे वडील.

गुरुजी विचारत गेले आणि मी सांगत गेलो. घरात शिकलेला मीच. कुटुंबप्रमुख? दादा. अपंगत्व? आहे, हालचालीचं. दादांचं काम? आता काही नाही. गुरुजींनी त्यांना 'अवलंबित' लिहिलं. मग मायची ओळ आली.

"माय काय काम करती रे?"

"माय? काही नाही. घरीच असती."

गुरुजींनी मान हलवली आणि 'घरकामा'चा ठरलेला आकडा भरला. पुढची ओळ माझी होती. 'विद्यार्थी' हा शब्द मी जरा ताठ बसून सांगितला. तेवढ्यात रिकामी कपबशी न्यायला माय पुन्हा बाहेर आली. तिने ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ऐकलं असेल तरी तिला त्यात काही वावगं वाटलं नसणार, आणि मला आज जास्त टोचतं ते हेच.

गुरुजींचा यात दोष नाही, तो माझा. तरी त्या 'काही नाही'मध्ये काय काय होतं ते आता सांगतो, कारण तेव्हा सांगितलं नाही.

माय पहाटे चारला उठायची. उठायची म्हणणंही तसं खोटं, कारण रात्रभर ती झोपायचीच तुकड्या-तुकड्यांनी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाला, टाचेला, खुब्याला जखमा होतात. पहिल्याच महिन्यात दादांना एक झाली होती, रुपयाएवढी. तालुक्याच्या डॉक्टरांनी दर दोन तासांचा नेम सांगितला आणि मायने तो देवाच्या नेमासारखा धरला. भिंतीवर घड्याळ होतं, पण ती त्याच्याकडे क्वचितच बघे. तिचं घड्याळ आवाजांचं होतं. मुक्कामी एस.टी. येऊन इंजिन बंद झालं की एक कूस. शेतीची रात्रपाळीची लाइट आली आणि शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की दुसरी. मग कुठेतरी कुत्री, मग मशिदीतली बांग, मग विठ्ठलमंदिरातला काकडा. लाइटचा आठवडा रात्रीचा असला की कूस बदलून ती बॅटरी घेऊन मोटार चालू करायला शेतात जायची आणि पुढच्या कुशीच्या आत परत यायची. मी सुट्टीला घरी असलो तरी मला उठवायची नाही. "तुला परीक्षा हाय" म्हणायची. परीक्षा नसली तरी म्हणायची.

दादा धिप्पाड गडी. माय त्यांच्या खांद्याला लागायची. एवढ्या माणसाला एकटीने कुशीवर कसं करायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. तिने जुन्या लुगड्याची चौघडी करून ती दादांच्या पाठीपासून मांडीपर्यंत अंथरली होती. दादांचा गुडघा उभा करायचा, लुगड्याचं पलीकडचं टोक दोन्ही हातांनी धरायचं, पाय बाजेला लावायचा आणि आपलं सगळं वजन मागे टाकायचं. माणूस अलगद वळायचा. मग पाठीशी वाकळीची गुंडाळी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक छोटी गुंडाळी, घोट्याखाली एक. पुढे एकदा दवाखान्यात एका सिस्टरने हे बघितलं आणि विचारलं, "मावशी, ट्रेनिंग कुठं घेतलं?" आडवी चादर घालून रुग्णाला वळवायची ती रीत नर्सिंगच्या पोरींना शिकवतात म्हणे. माय लाजली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "ज्वारीचं पोतं असंच फिरवत्यात की."

दादांना पाणी गिळताना ठसका लागायचा. डोळे पांढरे व्हायचे. पातळ खाली उतरत नाही पण घट्ट उतरतं, हे तिच्या आठ दिवसांत ध्यानात आलं. मग पाण्याऐवजी ज्वारीच्या पिठाची दाटसर आंबील, चमच्याने, बसवून, हनुवटी खाली धरून. एका वाटीला अर्धा तास. भाकर दुधात कुस्करून, गाठी बोटांनी चाचपून. येसराची आमटी त्यांना फार आवडायची, तीही भाकर चुरून लगद्यासारखी करून.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याचं कोण करत नाही. खरं आहे. पण ती काही देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हती, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ती मला भेटल्यावर हसेल. ती चिडायची. रात्री तिसऱ्यांदा चादर ओली झाली की, "मरतबी न्हाई अन् झोपूबी देत न्हाई" असं ती दादांच्या तोंडावर म्हणालेली मी ऐकलंय. दादा डोळ्यांतून पाणी काढायचे. अर्ध्या तासाने त्यांच्या भाकरीवर लोण्याचा गोळा असायचा आणि ती शेजारी बसून गावातल्या उखाळ्यापाखाळ्या सांगत असायची. दादांच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "आगं." भूक लागली, आगं. माशी बसली, आगं. पोरगी माहेरी आली, आगं. कुठला 'आगं' कशाचा, हे तिलाच कळायचं. आम्ही तिघं भावंडं बाहेरून बघत असायचो, परक्या मुलखातल्यासारखे.

आता माझा अर्जवाल्याचा हिशोब. नोव्हेंबर २००८ ते ऑगस्ट २०२१, म्हणजे पावणेतेरा वर्षं. दिवसाला बारा कुशी. पंचावन्न हजारांच्या वर होतात. आजारपणात, लग्नकार्यात काही चुकल्या धरा, पोरींनी काही केल्या धरा, तरी पन्नास हजार राहतात. पहिल्या महिन्यातल्या त्या रुपयाएवढ्या जखमेनंतर दादांच्या अंगावर दुसरी जखम झाली नाही. मी मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतून घरी आलेली माणसं पाहिली आहेत, म्हणून याची किंमत कळते.

पण गुरुजी, तुमच्या नियमाने हे काम नाही. मी तुमच्या व्याख्या वाचल्या आहेत. पूर्वीच्या जनगणनांत 'काम' म्हणजे उत्पादक काम, मग ते मजुरीचं असो की घरच्या शेतातलं बिनपगारी. वर्षात सहा महिने किंवा जास्त केलं तर मुख्य काम करणारा, कमी केलं तर सीमांतिक. यात न बसणाऱ्याला काम न करणारा म्हणायचं आणि मग त्याची जात ठरवायची : विद्यार्थी, घरकाम, अवलंबित, पेन्शनवाला, भाड्या-व्याजावर जगणारा, भिकारी, इतर. बायकांना या पंगतीत बसवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच एका अपघात-भरपाईच्या निकालात कान उपटले होते. लातूरहून दादांसाठी पगारी बाई लावली असती, तर तिने बदललेली प्रत्येक कूस काम ठरली असती आणि तिचा पगार देशाच्या उत्पन्नात धरला गेला असता. बायकोने बदलली की काही नाही.

बरं, तो नियमही मी पाळला नाही. त्याच व्याख्येत असं आहे की जो शेती करतो किंवा दूधदुभतं करतो, अगदी घरच्या खाण्यापुरतं का असेना, तोही काम करणाराच. आमच्या दारात म्हैस होती. तिचं शेणघाण, वैरण, पाणी, दोन्ही वेळची धार मायकडे. संकलन केंद्रावर दूध घालायची तीच, फक्त पुस्तक दादांच्या नावावर होतं. शिवाय चार एकर. मृगात पेरणी झाली की सोयाबीनची खुरपणी, दसऱ्याच्या आसपास काढणी, मग तूर, हरभरा, शेवटी ज्वारी. गड्याला दादांजवळ बसवून ती रानात जायची आणि गड्याचं काम स्वतः करायची, कारण गड्याला दादांचा 'आगं' कळत नव्हता पण बसून राहता येत होतं. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करायला, पीकविम्याच्या रांगेत, खताच्या दुकानात तीच. म्हणजे २०११ च्या फेब्रुवारीत, गुरुजींच्या हातातल्या कागदाच्याच नियमाने, ती मुख्य काम करणारी होती. तीनशे पासष्ट दिवसांची. यातला विनोद असा की तिला कामकरी ठरवत होती ती म्हैस. दादा नव्हेत.

आणि 'अवलंबित' या शब्दाचं काय करायचं? दादा अवलंबित होते, बरोबर लिहिलं. पण कुणावर? त्याला रकाना नव्हता. असता तर मला तिचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि एका ओळीत जिच्यावर माणूस अवलंबून आहे तिला दुसऱ्या ओळीत 'काही नाही' म्हणताना माझी जीभ अडखळली असती. दादांच्या अपंगत्वाची नोंद झाली. ते अपंगत्व उचलून धरणारीची झाली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. रोज फॉर्म भरणारा माणूस मी, तो फॉर्म माझ्या केंद्रावर अजून कुणी भरलेला नाही.

कामकरी म्हणून मायचं नाव सरकारी कागदावर एकदाच लागलं होतं. १९७२ च्या दुष्काळात. ती चौदा-पंधरा वर्षांची होती. माहेरी रस्त्याचं काम निघालं होतं, ती आईबरोबर खडी फोडायला जायची. हजेरीच्या मस्टरवर नाव, समोर अंगठा, आठवड्याला पैसे आणि सुकडी. त्या सुकडीची चव ती म्हातारपणापर्यंत सांगायची, आणि त्याहून जास्त सांगायची ते मस्टरचं. "मुकादम मोठ्यानं नाव घ्यायचा, अन् म्या मोठ्यानं 'हाय' म्हणायची." लग्न झाल्यावर असं नाव घेऊन कुणी हजेरी घेतली नाही. सासू, म्हणजे माझी आज्जी, शेवटची चार वर्षं आंधळी होऊन भ्रमात गेली होती. तिचंही मायनेच केलं, ते वेगळं सांगत बसत नाही.

दादा गेल्यावर मी तिचा निराधारचा अर्ज भरला. विधवांना संजय गांधी निराधार योजनेत अनुदान मिळतं. फॉर्म भरताना वर छापलेला तो शब्द मी दोनदा वाचला. दोन घरांचा, तीन पिढ्यांचा आधार जी होती, तिला अनुदान मिळालं ते निराधार म्हणून. २०२४ च्या जुलैमध्ये लाडक्या बहिणीच्या अर्जांनी माझं केंद्र रात्री बारापर्यंत चालायचं. मायचं आधारवरचं वय ६६, वयाची अट ६५. जन्मतारीख १ जानेवारी. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस १ जानेवारीलाच असतो, तुम्हाला ते ठाऊक आहे. ती केंद्रावर डबा घेऊन यायची आणि रांगेतल्या बायकांना पाणी द्यायची.

पण तिची मोजदाद कुणीच केली नाही, असं म्हटलं तर गावावर अन्याय होईल. गावातल्या बायकांनी केली होती.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तो. धरण उशाला आणि कोरड घशाला अशी म्हण आहे. त्या वर्षी मांजरा धरणच कोरडं पडलं, तर उशाला काय नि पायथ्याला काय. आमच्या गावात टँकर यायचा आणि गावविहिरीत ओतायचा. चारी बाजूंनी पोहरे सुटायचे, भांडणं, शिव्या, फुटलेल्या घागरी. ज्या घरात माणूस अंथरुणावर आहे त्या घराला पाणी किती लागतं? रोज दोन वाकळी, तीन-चार चादरी, धोतराच्या घड्या, अंग पुसायला कोमट पाणी. इतर घरांनी आंघोळी दोन दिवसांआड केल्या. मायला दादांची चादर दोन दिवसांआड करता येत नव्हती. पहिले काही दिवस ती हातापाया पडायची. मग एके दिवशी एका म्हातारीने, जिचं आणि मायचं बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं, आडावर उभं राहून सगळ्यांना दटावलं. "हिचा हंडा आधी भरू द्या गं. हिच्या घरात लेकरू हाय."

लेकरू म्हणजे दादा. साठीतला माणूस.

त्या दिवसापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत मायचे तीन हंडे रांगेबाहेर भरले गेले. ठराव नाही, ग्रामसभा नाही, सरपंचाची सही नाही. रांगेतल्या प्रत्येकीने आपल्या घागरीतलं थोडं पाणी कमी करून दिलेली ती नोंद होती. बांधावरचं भांडण मात्र त्यानंतरही मिटलं नाही. माणसं अशीच असतात.

मला हे कधी उमजलं, ते सांगायला लाज वाटते. दादा गेल्यानंतर. मी तोवर गावी येऊन केंद्र टाकलं होतं, लग्न झालं होतं. दादा गेल्यावरही माय रात्री दर दोन तासांनी उठून बसायची. अंधारात बाजेच्या दिशेने बघायची, बाज तर आम्ही माळवदावर टाकली होती. थोडा वेळ बसून पुन्हा आडवी व्हायची. तीन वर्षं हे चाललं. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, ती तिने चार दिवस घेतली आणि डबीत ठेवून दिली.

आणि पूर्ण कळलं ते ती स्वतः पडली तेव्हा. ३० डिसेंबर २०२४ ला येळवस होती. आमच्याकडे वेळ अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. दादा असतानाही ती दरवर्षी त्यांना टेम्पोत गादी टाकून शेतात न्यायची, कोपीशेजारी सावलीत ठेवायची आणि पहिली भज्जी त्यांना भरवायची. त्या येळवशीलाही तिनेच भज्जी केली, आंबिलीचं मडकं डोक्यावरून आणलं. रात्री ताप भरला, मग छातीत कफ. दवाखाना झाला, घरी आणलं. ती त्यानंतर उठली नाही. तेव्हा पहिल्यांदा मी एका माणसाची कूस बदलायला हात लावला. चौतीस वर्षांचा मी, चाळीस किलोची माय, आणि मला जमेना. ती कण्हली. माझी बायको पुढे झाली. माय डोळे मिटूनच तिला सांगत होती, "आधी गुडघा उभा कर... लुगडं कमरंखाली घे... आता मागं रेल, मागं." बायकोने बरोबर केलं. माय सतरा-अठरा दिवस होती. अंगावर एकही जखम न होता गेली.

एकवीस दिवसांच्या आत मृत्यूची नोंद करायची असते. ते काम मी इतरांसाठी किती वेळा केलंय! त्या फॉर्मात मयताचा व्यवसाय विचारतात आणि व्यवसाय नसेल तर 'नाही' लिहा अशी सूचना असते. मी 'शेती' सांगितलं. समोरच्याने सहज विचारलं, "सातबारा त्यांच्या नावावर होता का?" नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी गप्प बसलो. त्याने 'घरकाम' लिहिलं. तो चांगला माणूस आहे, माझ्याच केंद्रावर चहा पितो. मी गप्प का बसलो, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. दुसऱ्या वेळी तर मला सगळं ठाऊक होतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२१ च्या एका निकालात २०११ च्या जनगणनेचा आकडा आहे : घरकाम हेच मुख्य काम असं सांगणाऱ्या बायका सुमारे १५ कोटी ९८ लाख, पुरुष ५७ लाख ९० हजार. त्या १५ कोटी ९८ लाखांतली एक बाई मी माझ्या तोंडाने तिथे ढकलली आहे. असे किती मुलगे आणि किती नवरे तेव्हा बाजेवर बसून उत्तर देत असतील, तुम्हीच अंदाज करा. त्याच निकालात २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचाही दाखला आहे. बायका रोज सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकाम करतात, पुरुष ९७. घरातल्यांची काळजी घेण्यात बायका १३४ मिनिटं, पुरुष ७६. माझी माय त्या सरासरीत मावत नव्हती. मी मावत होतो का, ते विचारू नका.

आता मागणं. रकाने वाढवणं तुमच्या हातात नाही, मला कळतं. ते दिल्लीत ठरतं. 'घरात कुणाची शुश्रूषा कोण करतं' एवढा एक प्रश्न त्यांनी घातला असता तर बरं झालं असतं, ते त्यांना वेगळं कळवीन. तुमच्या हातात आहे ती विचारायची रीत.

बाईचं उत्तर बाईला विचारा. आणि 'काम काय करता' असं विचारू नका, कारण तीसुद्धा 'काही नाही, घरीच' असंच सांगेल. माझ्या केंद्रावर दिवसातून दहा जणी हेच सांगतात. मध्यंतरी मी प्रश्न बदलून पाहिला. एका बाईला म्हटलं, "काकू, काल पहाटेपासून काय काय केलं ते सांगा." ती सांगायला लागली. शेण, सडा, धार, भाकरी, सासऱ्याची आंघोळ, दोन पाट्या माळवं बाजाराला, दुपारून तुरीत... मागची रांग चुळबुळायला लागली. मध्येच थांबून तिने विचारलं, "येवढं लिवायला जागा हाय का तुमच्या फॉर्मात?" नव्हती. पर्यायांची यादी होती, त्यातला एक निवडायचा होता. पण तिच्या म्हशीने आणि तुरीने ती 'शेतकरी'त बसत होती, आणि मी तसं भरलं.

एवढंच तुम्हीही करू शकता. तुमच्याच पुस्तिकेत बायकांच्या कामाबद्दल खोदून विचारायला सांगितलेलं असतं. एका दिवसात अमुक घरं उरकायची, वर शाळा, वर परीक्षा, हे सगळं माहीत आहे. तरी त्या एका ओळीला दोन मिनिटं द्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांचं तर आणखी जपून बघा. फेब्रुवारीत आमच्या बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात, माणसं फडावर असतात. तिथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर, हिशोब कोयत्यावर. मोळी बांधून डोक्यावर वाहणारी बाई त्या एका शब्दाच्या पोटात जाते. तुमच्या मोजणीत तरी ती वेगळी ओळ होऊन येऊ द्या. मागे गावात म्हातारी आणि नातवंडं असतील; नातवंडं सांभाळणाऱ्या म्हातारीलाही 'अवलंबित' लिहिण्याआधी एकदा चुलीकडे नजर टाका.

मायचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही. पेपरात नाव आलेलं तिला चाललं नसतं. तुमच्या यादीतही ते येणार नाही. आमच्या घरी आता तीन ओळी होतील : मी, माझी बायको, आमची मुलगी.

घर सापडायला सोपं आहे. पाण्याच्या टाकीपासून तिसरं, दारात लिंब. बाज टाकून ठेवीन. माझी ओळ आधी भरून घ्या, ती सोपी आहे. मग बायकोला हाक मारा; ती आत असेल, हात पिठाचे असतील, पुसून यायला वेळ लागेल. तेवढ्यात तिच्या वतीने मी बोलायला लागलो, तर मला पाणी आणायला आत पाठवा.

आपला,
गुरुजींचा एक माजी विद्यार्थी,
ई-सेवा केंद्र, फाटा,
ता. अंबाजोगाई, जि. बीड